प्रसाद खाण्यात धरत नाहीत

शिऱ्यातलं केळं जिभेवर आलं आणि कुंदा घाडीगावकरचं तोंड हलायचं थांबलं. बाकी सगळं चालूच होतं. घाटकोपरच्या त्या लॅबमध्ये श्रावणातल्या एका शनिवारी दरवर्षी सत्यनारायण असतो, तसा तो आजही होता. रिसेप्शनचा सोफासेट भिंतीला लावून मधे चौरंग, त्याला चार बाजूंनी केळीचे खांब, गुरुजींची घाई, श्वेता काउंटर सोडून साडीत आलेली, आणि कँटीनच्या सुंदराबाई स्टीलचं पातेलं कडेवर घेऊन प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवत फिरताहेत. सुंदराबाईंचा हात सढळ. त्यांच्या शिऱ्यात रवा कमी आणि केळी जास्त, आणि वर निघताना प्रत्येकाला एकेक अख्खं केळं, ते वेगळंच. "घे गं, प्रसादाला नाही म्हणू नये," म्हणत त्यांनी कुंदाच्या हातावर आणखी एक मूद ठेवली. कुंदाने ती घेतली. मऊ, गोड, तुपात विरघळलेली ती केळ्याची चकती तिला गिळवेना. गेल्या वर्षीही हाच शनिवार होता, हेच पातेलं होतं, आणि त्याच दिवशी आपण लोकांना कॅन वाटले होते, हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं. अगं बाई गं, ती स्वतःशीच म्हणाली, आणि हात न धुताच आतल्या खोलीकडे चालू लागली.

आता हे कॅनचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. आतड्यात कधी कधी एक बारकी गाठ होते. दुखत नाही, हाताला लागत नाही. पण ती आपलं एक हार्मोन रक्तात ओतत राहते, आणि माणसाचा चेहरा मधेच लालबुंद होतो, जुलाब होतात, छातीत धडधडतं. त्या हार्मोनचा चोथा लघवीतून बाहेर पडतो, म्हणून चोवीस तासांची सगळी लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करायची आणि तो चोथा मोजायचा. तीन दिवस आधीपासून केळं, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद, कारण त्यांनीही आकडा चढतो, केळ्याने तर फारच. ही तपासणी गेल्या वर्षी लॅबने स्वतःची सुरू केली आणि ती खरी उतरते की नाही हे पडताळायचं काम कुंदाकडे होतं. चाळीस नमुन्यांतला प्रत्येक अर्धा इथे, अर्धा एका मोठ्या लॅबमध्ये तपासून तिने आकडे ताडून पाहिले होते. एकाला एक जुळले होते. यंत्र झकास होतं. मग राहिलं ते धडधाकट माणसांचं माप. एकशेवीस निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, वरचे तीन सोडायचे, आणि तिथे रेघ मारायची. रेघेच्या खाली तो नॉर्मल. त्या एकशेवीसातले पंचेचाळीस तिने पूजेच्या दिवशी घेतले होते. कल्पना तिचीच. सगळा स्टाफ जागेवर, घरची माणसंही येणार, दुसऱ्या दिवशी रविवार, कॅन सांभाळायला सोपं. लॅबचे प्रमुख डॉक्टर विद्याधर रेग्यांनी पाठ थोपटली होती तिची.

तिने कपाटातून फाइल काढली. खाण्याचा रकाना तिने स्वतः आखला होता, 'चोवीस तासांत काय काय खाल्लं' असा. पंचेचाळीस कागद. वरणभात, भेंडीची भाजी, ताक. चपाती, मूग. उपास, साबुदाणा खिचडी, दाणे. एकानेही शिरा लिहिला नव्हता. एकानेही केळं लिहिलं नव्हतं. लबाडी कोणी केली नव्हती हो, प्रसाद काय खाणं असतं? प्रसाद घेतात, खात नाहीत. कुंदाने पानं उलटली आणि सतराव्या नंबरावर तिचं स्वतःचं अक्षर आलं. 'भात, आमटी, फरसबी, दोन चहा.' सगळ्यांना तीन दिवस घसा फोडून केळं बंद केळं बंद म्हणून सांगितलं ती हीच बाई, आणि हिने दोनदा शिरा घेऊन, पदराला हात पुसून, हे लिहिलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. ती संगणकापुढे बसली, ते पंचेचाळीस बाजूला काढले, उरलेले पंच्याहत्तर चढत्या क्रमाने लावले. रेघ साडेअकरावर होती ती साडेआठाच्या खाली आली. बाहेर आरती संपून टाळ्या वाजत होत्या. चंद्रप्रकाश पेडणेकरांचा आकडा दहा पूर्णांक चार होता आणि रिपोर्ट गुरुवारी गेला होता, नॉर्मल म्हणून.

पेडणेकर तिला नीट आठवत होते, कारण विसरता येण्यासारखं ते नव्हतंच. बावन्न-त्रेपन्नचा माणूस, वाकोल्याचा, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कॅन साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून आणलेला, जणू आत कुणाचं मूल आहे. चेहरा तांबडालाल. बरोबर बायको, सुलक्षणा, तिने काउंटरवर कॅन ठेवता ठेवता सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "करा एकदाची तपासणी. डॉक्टर म्हणतात गाठ असेल. काही निघालं नाही ना, तर मग हे काय करतात ते माझं मला कळलं. हल्ली वास न येणारी पण मिळते." श्वेता खाली बघून पावती फाडत राहिली. पेडणेकर फक्त कुंदाकडे वळून म्हणाले, "मॅडम, पहिल्या सकाळची टाकली आणि दुसऱ्या सकाळची धरली. बरोबर ना?" बरोबर, कुंदा म्हणाली होती. इतकं नीट, सांगितल्याबरहुकूम गोळा करणारा पेशंट शंभरात एखादा. त्या माणसाने चोवीस तास केवढ्या आशेने ते गोळा केलं असेल हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नव्हती.

कारण तिच्या बाबांचाही चेहरा असाच व्हायचा. बाळा घाडीगावकर, गिरणी बंद पडल्यावर लालबागहून घाटकोपरला डोंगरावरच्या खोलीत आलेले, एका गोदामावर वॉचमन. जेवून उठले की गळ्यापासून कपाळापर्यंत लाल. डोळे पाणावलेले. संडासच्या रांगेत दिवसातून सहा वेळा. वस्तीत कोणाला सांगायची गरजच नव्हती, गिरणी गेलेला माणूस आणि लाल तोंड म्हटल्यावर लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं. आईनेही ठरवलं. आधी ती विचारायची, मग रडायची, मग विचारणंही सोडून तिने एक पद्धत काढली. बाबा दारात आले की चुलीशी बसूनच ती म्हणायची, "जा गो, त्येंचा तोंड हुंगून ये." कुंदा अकरा वर्षांची. बाबा चप्पल काढायचे आणि तिच्यासमोर उकिडवे बसायचे, डॉक्टरपुढे करतात तसा आ करून. रागावायचे नाहीत. "हुंग गो बाय. काय येता ता आयेक सांग." कधी पानाचा वास यायचा, कधी कांद्याचा, कधी नुसता दिवसभर उपाशी असलेल्या तोंडाचा. नाय येत, ती सांगायची, आणि आई ताट आदळायची, कारण तिचा विश्वास बसायचा नाही, आणि भांडण तिथून सुरू व्हायचं ते भात गार होईपर्यंत. एके दिवशी कुंदाला फार भूक लागली होती. शाळेतून आल्यापासून काही खाल्लं नव्हतं. हुंगलं, काहीच नव्हतं, आणि ती वळून म्हणाली, "येतोय." तिला वाटलं आता तरी भांडण मिटेल. आणि गंमत अशी की मिटलं. आई शांत झाली. बाबा तसेच उकिडवे बसून राहिले, तोंड मिटायला जरा वेळ लागला त्यांना, आणि मग त्यांनी कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातपाय धुवायला गेले. जेवण गरम होतं त्या दिवशी.

पुढच्या महिन्यात ते गावी भावाकडे गेले आणि मग तिकडेच राहिले. पत्र यायचं, कुंदाच्या नावाने, चार ओळी. अभ्यास कर, आईला सांभाळ. दीड वर्षाने वारले. पोट फुगलं होतं, लिव्हर सुजलेलं होतं, तालुक्याच्या डॉक्टरने एका शब्दात निकाल दिला आणि तो शब्द आईने मुंबईला आणला. त्यानंतर आठ वर्षांनी लॅबच्या कोर्सला एका दुपारी बाई फळ्यावर लिहीत होत्या. चेहरा लाल होणे. जुलाब. जेवणानंतर वाढते. यकृतात पसरल्यास पोट फुगते. बऱ्याचदा दारूचे व्यसन समजून दुर्लक्ष होते. वर्गात साठ मुलं होती आणि ती सगळी हे लिहून घेत होती. कुंदाने पेन खाली ठेवलं. घरी येऊन तिने आईला सांगितलं, सगळं, गाठ, हार्मोन, लघवी, आणि आई तांदूळ निवडत होती ती निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "मगे तू कित्याक म्हणालंस येता म्हणान? तू म्हणालंस, म्हणान तर मी इश्वास ठेवलंय." एवढंच. मरेपर्यंत त्यावर पुन्हा बोलणं नाही. त्या वाक्यातून कुंदाची सुटका झाली नाही. नोकरी झाली, लग्न करायचं राहून गेलं, वय सत्तेचाळीस झालं, आणि तिला हवं होतं ते एकच, जे मागायची कोणापुढे सोय नव्हती. बाबांची एक दिवसाची लघवी. हसण्यासारखंच आहे. लोक मेलेल्या माणसाचा आवाज मागतात, स्पर्श मागतात, स्वप्नात येऊन दोन शब्द बोलावेत म्हणतात. कुंदाला पाच लिटरचा कॅन हवा होता, त्यावर 'घाडीगावकर बाळा, पुरुष, ४१' असं चिकटवलेलं लेबल, आणि यंत्रातून निघणारा एक आकडा. मोठा, चांगला तीन आकडी, जो आईच्या हातात देता आला असता. ही तपासणी लॅबमध्ये सुरू व्हावी म्हणून ती रेग्यांच्या मागे तीन वर्षं लागली होती ती का, हे रेग्यांना माहीत नव्हतं. आणि शेवटी तपासणी आली, पडताळून झाली, आणि पहिल्यांदा एक लाल तोंडाचा माणूस कॅन घेऊन समोर आला, तेव्हा तिच्याच हाताने मारलेल्या रेघेने त्याला खाली ढकललं. पुन्हा तीच. पुन्हा तिनेच सांगितलं होतं, येतोय म्हणून.

रेगे आत आले ते कपाळाला गंध, हातात द्रोण. "काय गं, कुठे गायब? गुरुजींना दक्षिणा द्यायची राहिलीय." मग त्यांनी फाइल बघितली, तिचा चेहरा बघितला. तिने सांगितलं. सगळं नाही, केळ्याचं तेवढं. ते ऐकताना द्रोणातला शिरा खात होते, मधेच खायचे थांबले.

"प्रसादाने एवढा फरक?" ते म्हणाले.

"सर, वरची तीन माणसं सोडून रेघ मारतो आपण. वर दहा जण केळं खाल्लेले बसले की रेघ चढणारच."

"सोमवारी लॅबच्या मान्यतेची तपासणी आहे, बाहेरचे लोक येणारेत, कुंदा."

"माहितीय."

"सोमवार होऊ दे. मग नवीन माणसं घेऊ, शांतपणे रेघ बदलू. दरवर्षी फेरआढावा असतोच. कोणाला काही कळत नाही."

"आणि गुरुवारी गेलेला रिपोर्ट?"

"दहा पॉइंट चार म्हणजे काय गाठ नाही गं. अर्धवट आकडा आहे. उद्या आठसुद्धा येईल त्याचा. कदाचित कसलीही गाठ निघणार नाही त्याला, आणि आपण आपल्याच हाताने आपली वाट लावून बसू."

हे खरं होतं. रेगे वाईट माणूस नव्हते, आणि आकड्याचं ते खोटं बोलत नव्हते. दहा पूर्णांक चार म्हणजे गाठ नव्हे, पुन्हा बघा एवढंच. पण पुन्हा बघा आणि काही नाही यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, वाकोल्यात, बायकोसमोर. कुंदा उभी राहिली. "सर, मी चूक माझ्या नावावर लिहिते. पडताळणी माझी, सही माझी. रेघ आज काढून टाकते. आणि पेडणेकरांना नवीन कॅन मी स्वतः नेऊन देते."

"सोमवारी तपासणीवाल्यांना मी काय सांगू? सबंध लॅबने केळं खाल्लं?"

"प्रसाद घेतला म्हणून सांगा."

रेग्यांनी द्रोण टेबलावर ठेवला. ते फाइल चाळू लागले. एका पानावर थांबले. ते पान कोणाचं हे कुंदाला न बघता कळलं. "मीही नाही लिहिलं ना?" त्यांनी विचारलं.

"वरणभात, भेंडी, ताक."

"शिरा तीनदा घेतला होता मी." ते खुर्चीत बसले. "जा. त्याच्या डॉक्टरांना मी फोन करतो. आणि तो खरकटा हात धू आधी."

लिंक रोडने रिक्षा चालली होती, कॅन मांडीवर होता, तळाशी थोडं ॲसिड असतं म्हणून तो उभा धरावा लागतो. कुंदा दोन्ही हातांनी त्याला धरून बसली होती. काय बोलायचं ते तिने तीनदा जुळवलं. आमच्या मापात चूक होती. तुमचा आकडा पुन्हा बघायला हवा. याचा अर्थ आजार आहेच असं नाही. तीन दिवस केळं नको, प्रसादाचंसुद्धा. सगळं बरोबर होतं, सगळं लॅबच्या भाषेत होतं, आणि प्रत्येक वेळी शेवटाला आलं की तिला बाबांची आठवण यायची. ही आठवण आज वेगळी होती. एरवी ते उकिडवे बसलेले दिसायचे. आज ते गावच्या पडवीत दिसले, जे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पोस्टकार्डावर चौथी ओळ लिहून पाचवी काय लिहावी असा विचार करणारे. पाचवी ओळ त्यांनी कधीच लिहिली नाही. तिला ती ओळ हवी होती. फार हवी होती. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "क्या हुआ मॅडम, तबियत ठीक है?" ठीक है, ती म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसले.

वाकोल्याला बिल्डिंग सापडली, तिसरा मजला, दार उघडंच. सुलक्षणा मेथी निवडत बसली होती. चंद्रप्रकाश खिडकीजवळच्या स्टुलावर, शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून घरी, समोर ताट, जेवण झालेलं, आणि चेहरा मानेपासून चढत चढत लाल होत चाललेला. एकाच खोलीत दोघं, आणि त्या खोलीत गुरुवारपासून कोणी कोणाशी बोललेलं नाही हे कुंदाला उंबऱ्यातच कळलं. असल्या खोलीचा तिला सराव होता. तिने जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चूक आमची, रिपोर्ट मागे घेतला, पुन्हा तपासायचं.

"म्हणजे यांना गाठ आहे?" सुलक्षणाने मेथी बाजूला केली.

"माहीत नाही. असेल, नसेल. परत बघायला लागेल."

"मग पितात की नाही? तेवढं तरी सांगा मॅडम. मला दुसरं काही नको. पितात की नाही?"

चंद्रप्रकाश खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा कान मात्र इकडे होता, लाल झालेला.

"ते या तपासणीत कळत नाही," कुंदा म्हणाली. पंचवीस वर्षांची सवय. आकड्यापलीकडे बोलायचं नाही. सुलक्षणा सुस्कारा टाकून पुन्हा मेथीकडे वळली. आणि ती वळली तसं कुंदाला वाटलं, संपलं, आता हा कॅन भरेल, तीन दिवस, चार दिवस, मग आणखी एक आकडा, आणि तो आठ आला तर? आठ आला तर हा माणूस स्टुलावरच बसून राहणार. तिने विचारलं, "ते काय म्हणतात?"

"कोण, हे? हे काय म्हणणार. नाहीच म्हणतात. पहिल्यापासून नाहीच म्हणतात."

"कधी एकदा तरी हो म्हणाले?"

"नाही."

"मग नाही पीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत असायला कशाला लागतंय?" कुंदाचा आवाज चढला. तो इतका चढेल असं तिला वाटलं नव्हतं. "ते सांगतायत ना! इतकी वर्षं संसार केलात, माणूस तोंडाने सांगतोय नाही म्हणून, तर ते कॅनमध्ये कशाला शोधायचं? आमचं मशीन चुकतं हो. मी चुकते. काय वाट्टेल ते निघतं त्यातून. तपासणी करा, जरूर करा, आजार असेल तर औषध लागेल. पण याच्यासाठी नका करू. याच्यासाठी त्यांना विचारा आणि ते सांगतील ते ऐका."

कोणाच्या घरात येऊन आपण कोणावर ओरडलो हे तिला उमगलं आणि ती माफी मागायला शब्द शोधू लागली. सुलक्षणा तिच्याकडे बघत होती. मग ती बघायची थांबली, मेथीचं वर्तमानपत्र चारी टोकांनी गोळा करून उठली, ओट्याशी गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "चहा टाकू?"

"नको, मी निघते," कुंदा म्हणाली.

"तुम्हाला तर टाकतेच आहे मॅडम. मी यांना विचारतेय."

चंद्रप्रकाशांनी मान वळवली. एवढ्याशा खोलीत आणखी कोणी आहे का असं त्यांनी आधी पाहिलं. मग बायकोच्या पाठीकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ते कुंदाकडे वळले, अगदी त्या दिवशी कॅन घेऊन आलेले तसे, सांगितलेलं तंतोतंत पाळणाऱ्या माणसाच्या काळजीने.

"मॅडम, तपासणीला चहा चालतो ना?"

"चालतो," कुंदा म्हणाली, आणि कॅन जमिनीवर ठेवून तिथेच खाली बसली. "घ्या हो. चालतो."